सुनेनं आणलं, लेकीनं राखलं

दान्ते हे नाव ऐकलेलंच नाही असा वाचक शोधावा लागेल. दान्तेचं आडनाव लावणारा माणूस इटलीत शोधायचा झाला, तर त्याहून जास्त वणवण करावी लागते. रोस्सी, रुस्सो, फेरारी ही आडनावं तिथे गल्लोगल्ली भेटतात. अलिगिएरी मात्र जवळजवळ भेटतच नाही.

मी इटालियन शिकवते. ‘डिव्हाइन कॉमेडी’ची ओळख करून देत असताना एका मुलीनं विचारलं, “दान्तेच्या घराण्यातलं आज कुणी आहे का?” मी ‘आहे’ म्हणाले, पण ते उत्तर माझं मलाच पुरेना. त्या रविवारी मी मामांकडे गेले. मामांनी तीस वर्षं संख्याशास्त्र शिकवलं आहे. माणसांची नावं त्यांच्या लेखी आधी संख्या असतात, मग बाकी सगळं. माझं नेमकं उलट आहे. आमचं बोलणं दुपारच्या चहाला सुरू झालं आणि दिवेलागणीपर्यंत चाललं. आठवलं तसं ते इथे लिहिते आहे.

“आधी मला हे सांग,” मामा म्हणाले, “दान्तेच्या काळात ते आडनाव होतं तरी का? बापाचं नाव काय होतं त्याच्या?”

“अलिगिएरो.”

“मग झालं. दान्ते, अलिगिएरोचा मुलगा. लॅटिन कागदांत ‘दान्तेस अलागेरीइ’ असं लिहिलेलं असतं, म्हणजे अलागेरिओचा दान्ते, षष्ठी विभक्ती. हे बापाचं नाव झालं, आडनाव नव्हे. तेराव्या शतकातल्या फ्लॉरेन्समध्ये बहुतेक माणसं अशीच ओळखली जात: अमक्याचा तमका.”

“बापाचं नाव अलिगिएरो हे खरं. पण पणजोबांचंही तेच होतं. दान्तेचा बाप अलिगिएरो, आजोबा बेल्लिंचोने, पणजोबा पुन्हा अलिगिएरो आणि त्यांचे वडील काच्चाग्विदा. हे काच्चाग्विदा राजा कोनराड तिसऱ्याबरोबर दुसऱ्या धर्मयुद्धाला गेले आणि तिकडेच पडले. ‘डिव्हाइन कॉमेडी’तल्या ‘पारादीसो’च्या पंधराव्या सर्गात दान्ते त्यांना स्वर्गात भेटतो. तिथे ते सांगतात, माझी बायको पो नदीच्या खोऱ्यातून माझ्याकडे आली आणि तुझं आडनाव तिथून निघालं. शब्द आहे ‘सोप्रानोमे’. म्हणजे खुद्द दान्ते त्याला आडनाव समजत होता, मामा. आणि ते आजीकडून, म्हणजे खापरपणजीकडून आलं असं मानत होता.”

मामांना हे ठाऊक नव्हतं. ते थोडा वेळ गप्प राहिले. पण त्यांचा मुद्दा ते सहज सोडत नाहीत.

“साक्षीदार कोण? कवी. कशाबद्दल बोलतोय? दीडशे वर्षांपूर्वीच्या लग्नाबद्दल. त्या पणजोबाचा कागद आहे का एखादा?”

“आहे. ११८९ सालचा. काच्चाग्विदाचे दोन मुलगे, प्रेइतेनित्तो आणि अलिगिएरो, सान मार्तीनो देल वेस्कोवो या चर्चच्या धर्मगुरूला लिहून देतात की चर्चच्या भिंतीलगतचं अंजिराचं झाड आम्ही काढून टाकू. त्या घराण्याचे अगदी जुने म्हणावेत अशा कागदांतला हा एक, आणि तो एका अंजिराच्या झाडापायी झालेला आहे. १२०१ च्या दुसऱ्या एका कागदात हे अलिगिएरो हयात दिसतात.”

“आणि कवितेत?”

“कवितेत १३०० साल चालू आहे. काच्चाग्विदा म्हणतात, माझा मुलगा शंभरहून जास्त वर्षं पर्गेटरीच्या पहिल्या कड्यावर, गर्विष्ठांच्या कड्यावर फेऱ्या मारतो आहे.”

“मग बघ. १२०१ मध्ये जिवंत असलेला माणूस १३०० मध्ये शंभर वर्षांहून आधी मेलेला कसा? तुझ्या साक्षीदाराला स्वतःच्या पणजोबाच्या मृत्यूचं साल ठाऊक नाही. त्याच्याही आधीच्या पिढीतल्या बाईच्या माहेराबद्दल मी त्याचं का ऐकू?”

हा आक्षेप रास्त होता, आणि मी तो तसाच मान्य केला. तरी मला जे वाटतं ते सांगितलं. सालं चुकतात, कारण सालं कागदावर असतात आणि कागद दान्तेनं पाहिलेला नव्हता. घरात जे बोललं जातं ते वेगळ्या वाटेनं येतं: कुठल्या बाईनं कुठलं नाव आणलं, कोणाचं नाव नातवंडाला ठेवलं. शिवाय दान्तेला आपलं कुळ फ्लॉरेन्समधल्या जुन्या रोमन बीजाचं असल्याचा अभिमान होता. अशा माणसाला खोटंच रचायचं असतं, तर त्यानं आडनावाचा उगम एखाद्या रोमन पुरुषात शोधला असता. तो उगम उत्तरेकडून आलेल्या एका सुनेत आहे असं त्यानं लिहिलं. ज्यातून लिहिणाऱ्याला काहीच मिळत नाही, ते मला खरं वाटतं.

“कुठली होती ती?”

“पुढे बोकाच्चोनं दान्तेचं चरित्र लिहिलं, त्यात तो फेरारा सांगतो. तिथल्या अल्दिगिएरी घराण्यातली. एका मुलाला तिनं आपल्या माहेरचं नाव ठेवलं, अल्दिगिएरो, आणि पुढे त्यातला ‘द’ गळून अलिगिएरो झालं. काही अभ्यासक पार्माकडे बोट दाखवतात, कारण अल्दिगिएरी तिथेही होते.”

“म्हणजे तो ‘द’ महत्त्वाचा,” मामा म्हणाले, आणि इथून त्यांना खरा हुरूप आला. “अल्दिगेर हे मूळ जर्मानिक नाव. ‘अल्द’ म्हणजे जुना, ‘गेर’ म्हणजे भाला. लोंबार्ड टोळ्या उत्तर इटलीत उतरल्या तेव्हा अशी नावं खेड्याखेड्यांत पसरली. एका नावाचे शेकडो बाप, एकमेकांशी काही संबंध नसलेले. त्यातल्या कुणाकुणाच्या वंशजांनी पुढे ते आडनाव म्हणून धरून ठेवलं. आजही वेरोना प्रांतात अल्देगेरी आडनावाची माणसं आहेत, आणि बरीच आहेत. तुझा अलिगिएरी हा त्याच झाडाचा एक फुटवा, फक्त एक अक्षर झडलेला. बाकीचं झाड अजून उभं आहे. मग ‘विरळा’ हा शब्द आपण कशाला लावतोय? नावाला, की स्पेलिंगला?”

हे त्यांचं म्हणणं मला आजही पुरतं खोडता येत नाही. फ्लॉरेन्सच्या जुन्या कागदांत तेच घराणं अलागिएरी, अल्लागिएरी, अल्दिगिएरी असं कसंही लिहिलेलं सापडतं. दान्तेच्या हातचं एकही अक्षर शिल्लक नाही, त्यामुळे तो स्वतः कसं लिहीत असे हेही त्याच्या हस्ताक्षरात दाखवता येत नाही. ‘अलिगिएरी’ हे रूप रूढ झालं ते बोकाच्चोमुळे. आज मात्र त्या एका अक्षरानं सरकारदरबारी माणूस वेगळा होतो. इटलीत १९७३ पासून प्रत्येकाला करसंकेतांक असतो आणि त्याची सुरुवात आडनावातल्या पहिल्या तीन व्यंजनांनी होते. अल्देगेरी असेल तर एल, डी, जी. अलिगिएरी असेल तर एल, जी, एच. हे मी मामांना सांगितलं तेव्हा त्यांनी ते पाठीमागच्या वहीत टिपून घेतलं.

“पण अल्देगेरींना दान्तेचे भाऊबंद म्हणता येणार नाही,” मी म्हणाले. “दान्तेचे मुलगे वेरोनाला गेले ते चौदाव्या शतकात, बापाच्या हद्दपारीमुळे. फ्लॉरेन्सनं १३१५ साली मुलांनाही शिक्षा ठोठावली होती. वेरोनाच्या आसपास अल्देगेरी आहेत ते त्यांच्या आपल्या मुळांवर.”

“कबूल. पण मग उलटंही कबूल कर. उद्या मिलानच्या यादीत नुसता ‘अलिगिएरी’ सापडला, तर तो दान्तेचा वंशज असं समजायचं कारण नाही. इटलीत बेवारस मुलांना अधिकारी आडनाव देत आले. नेपल्समध्ये एस्पोझितो, फ्लॉरेन्समध्ये इन्नोचेंती, मिलानमध्ये कोलोंबो. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला नेपल्समध्ये एस्पोझितो द्यायला बंदी आली, तेव्हा कारकून मनानं नावं बनवू लागले. एकाच मुलासाठी बनवलेलं आडनाव जन्मतःच दुर्मीळ असतं.”

“आणि २००० सालचा नागरी नोंदणीचा नियम सांगतो,” मी भर घातली, “की आईबाप अज्ञात असलेल्या मुलाला त्याचा उगम उघड करणारं नाव द्यायचं नाही, आणि ऐतिहासिक महत्त्वाचं आडनावही द्यायचं नाही.”

“बघ. म्हणजे कायद्यालाही हीच धास्ती आहे.”

चहा पुन्हा झाला. मामांनी कागद ओढला. त्यांना जे खरं सांगायचं होतं ते आता आलं.

“फ्रान्सिस गॉल्टननं १८७३ साली ‘एज्युकेशनल टाइम्स’मध्ये एक गणित घातलं होतं. मोठमोठ्या माणसांच्या घराण्यांची आडनावं नाहीशी का होतात? लोक म्हणत, मोठेपणामुळे वंश क्षीण होतो. गॉल्टनला शंका होती की यात मोठेपणाचा काही संबंध नसावा, नुसता योगायोग असावा. हेन्री वॉटसन नावाच्या पाद्र्यानं ते सोडवलं आणि १८७५ मध्ये दोघांनी मिळून निबंध छापला. वॉटसनची एक चूक झाली. लोकसंख्या वाढत असली तरी सगळी आडनावं शेवटी मरतील, असं त्यानं काढलं. ते खरं नाही. पण लोकसंख्या स्थिर असेल तर खरं आहे.”

“म्हणजे कसं?”

“समज, एका गावात शंभर आडनावं आहेत, प्रत्येकाचा एकच पुरुष. सरासरी प्रत्येकाला एक मुलगा, पण सरासरी म्हणजे कुणाला तीन, कुणाला दोन, कुणाला एकही नाही. हे निव्वळ दैवावर सोड. पहिल्याच पिढीत शंभरातली सदतीस आडनावं जातात. दुसऱ्या पिढीअखेर त्रेपन्न गेलेली असतात, तिसरीअखेर त्रेसष्ट. दहा पिढ्यांनी शंभरातली चौऱ्याऐंशी नाहीत. जी उरतात ती फोफावतात. त्यांच्यापासून तुझे रोस्सी आणि फेरारी होतात. यात कुणी साथीनं मेलं नाही, कुणी दुबळं नव्हतं. फक्त मुली झाल्या, किंवा मुलगा साधू झाला. दान्तेपासून दहा पिढ्या म्हणजे साधारण तीनशे वर्षं. दान्तेचा पुरुषवंश कधी संपला?”

“सोळाव्या शतकाच्या मध्याला.”

“माझ्या कागदाला तोच अंदाज होता,” मामा शांतपणे म्हणाले.

या उत्तरानं मी हलले, हे लपवत नाही. ज्यानं नरकाची वर्तुळं मोजून मांडली त्याचं घराणंही मोजणीत असंच बसावं, आणि त्याला कशाचीही सवलत मिळू नये.

मामांनी मग पार्माची गोष्ट सांगितली. १९५० च्या दशकात लुईजी लूका काव्हाल्ली-स्फोर्झा या अनुवंशशास्त्रज्ञानं, आपला विद्यार्थी असलेल्या अंतोनिओ मोरोनी या धर्मगुरूच्या मदतीनं, पार्मा खोऱ्यातल्या चर्चच्या वह्या उघडल्या. १५६३ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेनं लग्नं आणि बाप्तिस्मे नोंदवायची सक्ती केली, म्हणून त्या वह्या शतकानुशतकं पुरतात. काव्हाल्ली-स्फोर्झाला दिसलं ते असं: डोंगरातल्या लहान, एकाकी खेड्यांत मोजकीच आडनावं उरतात, आणि शेजारच्या खेड्यात वेगळीच. खाली मैदानात सगळी मिसळतात. रक्तगटांचंही तेच होतं. बापाकडून मुलाकडे जाणारं आडनाव आणि बापाकडून मुलाकडे जाणारं वाय गुणसूत्र एकाच वाटेनं चालतात.

“आणि दुर्मीळ व्हायला मरावंच लागतं असं नाही,” ते पुढे म्हणाले. “एकटा माणूस घर सोडून लांब गेला तरी पुरतं. आपल्या इतिहासातलं उदाहरण घे. ३१ डिसेंबर १७९७ ला पुण्यात दौलतराव शिंद्यांच्या छावणीत नाना फडणवीसांना पकडलं, ते कुणाच्या शब्दावर विश्वासून तिथे गेले होते?”

“मायकेल फिलोज.”

“नेपल्सकडचा. त्याचं आडनाव त्याच्याबरोबर आलं आणि ग्वाल्हेरात रुजलं. मुलगा जाँ बातिस्त शिंद्यांचा सेनापती झाला. पुढच्या पिढ्यांतल्या सर मायकेल फिलोज यांनी जयविलास राजवाडा बांधला. एका घराण्यानं ते नाव इथे पिढ्यान्‌पिढ्या चालवलं. मूळ गावाशी त्याचा धागा राहिला तो फक्त अक्षरांचा.”

मला यावरून लेओनार्दो ब्रूनी आठवला. मी मामांना त्याची गोष्ट सांगितली, आणि ती सांगताना माझा आवाज जड झाला होता. फ्लॉरेन्सचा इतिहासकार ब्रूनी. १४३६ मध्ये त्यानं दान्तेचं चरित्र लिहिलं. त्याच्या शेवटी तो लिहितो की दान्तेचा पणतू, तोही लेओनार्दो, वेरोनाच्या काही तरुणांबरोबर फ्लॉरेन्सला आला आणि पणजोबांच्या आठवणीचा स्नेही म्हणून मला भेटायला आला. ब्रूनीनं त्याला दान्तेचं आणि त्याच्या पूर्वजांचं घर दाखवलं. त्याला ठाऊक नसलेल्या पुष्कळ गोष्टी सांगितल्या, कारण तो आणि त्याची माणसं आपल्या गावाला परकी झाली होती. स्वतःच्या आडनावाचं घर कुठलं, हे त्या आडनावाच्या माणसाला परक्यानं दाखवावं लागलं.

“वेरोनाला काय होतं त्यांचं?”

“दान्तेचा थोरला मुलगा प्येत्रो न्यायाधीश होता. १३५३ साली त्यानं वाल्पोलिचेल्लात, गार्गान्यागो इथे जमीन घेतली. ती आजही त्याच घराण्याकडे आहे, आणि तिथे द्राक्षं होतात, वाइन होते.”

“कुठल्या घराण्याकडे? आत्ताच तर पुरुषवंश संपला म्हणालीस.”

“तेच सांगत्येय. शेवटच्या पिढीत फ्रांचेस्को अलिगिएरी उरले. ते धर्मसेवेत होते, त्यांना मूल नव्हतं. त्यांच्या भावाची मुलगी जिनेव्रा. १५४९ साली तिचं लग्न वेरोनाच्या काउंट मार्कांतोनिओ सेरेगोशी झालं. फ्रांचेस्कोंनी मृत्युपत्रात मालमत्ता जिनेव्राचा मुलगा प्येरअल्वीझे याला दिली, पण अट घातली की त्यानं आणि त्याच्या पुढच्यांनी अलिगिएरी हे नाव लावावं. तेव्हापासून ते सेरेगो अलिगिएरी आहेत.”

मामांनी चष्मा काढला. “म्हणजे जमिनीसाठी घेतलेलं नाव. माझ्या तक्त्यात ती रांग फ्रांचेस्कोपाशी संपते. त्यापुढे जे आहे ते नवं आडनाव, ‘सेरेगो अलिगिएरी’. कायद्यानं जोडलेलं, वंशानं आलेलं नाही.”

“वंशानं आलेलं नाही?” मी विचारलं. “जिनेव्रा दान्तेच्या रक्ताची नव्हती? तिचा मुलगा नव्हता? मामा, तुमच्या तक्त्यात रांग तुटते, कारण तुमचा तक्ता फक्त मुलगे मोजतो. दान्तेनं स्वतः लिहून ठेवलंय की नाव सुनेनं आणलं. ज्या नावाचा आरंभ बाईकडून झाला, ते शेवटी बाईनं राखलं तर तेवढंच खोटं कसं? तुम्ही त्या पहिल्या अलिगिएरोला मोजता. त्याचं नावही आईच्या माहेरचंच होतं.”

बराच वेळ मामा बोलले नाहीत. मग म्हणाले, “गॉल्टनच्या गणितात मुली नाहीत, हे मी तीस वर्षं फळ्यावर लिहिलं. ‘समजा, फक्त पुरुष नाव पुढे नेतात.’ हे गृहीतक आहे असंच सांगत आलो. कुणाच्या घरात कुणी केलेला तो नियम आहे, हे नाही सांगितलं.”

पण त्यांनी आपली बाजू सोडली नाही. विरळ नावाला आपण जपतो ते दान्तेमुळे, असं त्यांचं म्हणणं राहिलं. फ्रांचेस्कोंच्याच काळात वेरोनाच्या आसपासच्या किती शेतकऱ्यांना नुसत्या मुली झाल्या असतील. त्यांना ना जमीन होती, ना मृत्युपत्र करायला वकील. त्यांची नावं गेली आणि त्यांच्या लेकींनी काय आणलं, काय राखलं याची कुठे नोंद नाही. एमिदिओ दे फेलीचे यांनी टेलिफोनच्या याद्यांवरून इटालियन आडनावांची मोजदाद केली. काफारेल्ली आणि मार्कातो यांचा २००८ चा कोश साठ हजारांच्या आसपास आडनावं सांगतो. “पण त्या सगळ्या कामाचा जीव जिवंत आडनावांत आहे,” मामा म्हणाले. “मेलेल्यांचा कोश कुणी करायला हवा.” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि आजही नाही.

माझं मत मात्र पक्कं झालं आहे. अलिगिएरी हे आडनाव योगायोगानं विरळ झालं, हे मामांचं गणित मला मान्य आहे. ते उरलं मात्र योगायोगानं नाही. एका सुनेनं माहेरचं नाव मुलाला ठेवलं आणि एका लेकीच्या मुलानं आजोळचं नाव घेतलं, म्हणून ते उरलं. पहिलीला दान्तेनं कवितेत जागा दिली, पण तिचं स्वतःचं नाव लिहिलं नाही. दुसरीचं नाव आपल्याला कळतं ते तिच्या लग्नामुळे आणि तिच्या काकांच्या मृत्युपत्रामुळे.

त्या वर्गातल्या मुलीला पुढच्या तासाला मी हे सगळं सांगितलं आणि एक निकालही वाचून दाखवला. २७ एप्रिल २०२२ रोजी इटलीच्या घटना न्यायालयानं मूल आपोआप बापाचंच आडनाव लावेल हा नियम घटनाबाह्य ठरवला. १३१ क्रमांकाच्या त्या निकालानुसार आता मुलाला आई आणि वडील दोघांचीही आडनावं लागतात. क्रम दोघांनी ठरवायचा, आणि दोघांचं एकमत असेल तर एकच आडनावही लावता येतं. मृत्युपत्राची गरज उरलेली नाही.